दवेगाचा कान आणि नाथानाची वाणी



खेड्यापाड्यांतून पुष्कळ वर्षे सेवा केलेल्या एखाद्या वृद्ध उपदेशकास विचारून पाहा, की तुम्हांस आजवर सर्वांत जड काय गेले? तो उन्हातान्हातील पायपिटीचे नाव घेणार नाही, दुष्काळाच्या वर्षांचे घेणार नाही, तुटपुंज्या पगाराचेही बहुधा घेणार नाही. घटकाभर उगा राहून तो म्हणेल, "निनावी पत्र." मंडळीतील कोणी एक जण रात्री दिव्याखाली बसून वरिष्ठांस कागद लिहितो. त्याखाली सही नसते. उपदेशकाने कोणाच्या घरी काय खाल्ले, कोणाकडून किती उसने घेतले, त्याचा मुलगा कोणाच्या संगतीत हिंडतो, हे सर्व त्यात असते. मग चौकशी होते. कधी बदली होते, कधी काहीच होत नाही. परंतु पुढल्या रविवारी तो उपासना चालविण्यास उभा राहतो, तेव्हा समोरच्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहून त्याच्या मनात येते, की तो तूच काय? ज्यांच्यासह प्रभूच्या मेजाशी बसावयाचे त्यांपैकीच कोणी एक, एवढे त्यास कळलेले असते. कोण, हे कळलेले नसते. म्हणून तो सर्वांनाच भिऊ लागतो.

ह्याविषयी बोलणे निघाले म्हणजे पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूने एक उत्तर ऐकू येते : "लिहिले ते खोटे होते काय?" उत्तर सहज झटकून टाकण्यासारखे नाही, कारण पुष्कळदा लिहिलेले खोटे नसते. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की एखादी गोष्ट खरी असली म्हणजे ती माणसाच्या पाठीमागे, आपले नाव लपवून, अधिकाऱ्याच्या कानी घालण्यास आपण मोकळे झालो काय? ह्या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. आणि त्यासाठी आपल्या गावापासून फार दूरच्या एका राज्याची हकीकत सांगावयाची आहे. कारण जी गोष्ट आपल्याकडे चिमूटभर आढळते, ती तेथे सत्तर वर्षे खंडीने पेरली गेली, आणि तिचे पीक सर्व जगाने पाहिले.

प्रथम पवित्र शास्त्रातील दोन माणसांकडे पाहू. शौल राजाच्या मेंढपाळांचा मुख्य दवेग अदोमी हा एके दिवशी नोब गावी परमेश्वराच्या मंदिराशी होता. त्याच वेळी पळून आलेला दावीद तेथे आला, आणि अहीमलेख याजकाने त्यास भाकर व गल्याथाची तरवार दिली. दवेगाने हे पाहिले. तो त्या वेळी काही बोलला नाही. अहीमलेखास त्याने काही विचारले नाही. पुढे शौल राजा संतापून बसला असता त्याने ती गोष्ट राजाच्या कानी घातली. त्याने सांगितले ते खरे होते. भाकर दिली होती, तरवारही दिली होती. परंतु दावीदाने आपण राजाच्याच कामावर आहो असे सांगून याजकास फसविले होते, एवढे मात्र त्या सांगण्यात नव्हते. त्या अर्ध्या खऱ्यापायी ८५ याजक मारले गेले आणि नोब गावातील बायकापोरे व गुरेढोरेही उरली नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राजाच्या शिपायांनी याजकांवर हात टाकण्याचे नाकारले, तेव्हा तरवार चालविली ती दवेगानेच.

दुसरा माणूस नाथान. त्यासही एक गुप्त गोष्ट कळली होती, आणि ती दवेगाच्या गोष्टीहून फार मोठी होती. कारण तीत परस्त्रीगमन होते व उरीयाचा खून होता. नाथान ती घेऊन कोठे गेला? सेनापतीकडे नाही, राजाच्या वैऱ्याकडे नाही. तो दावीदाकडेच गेला, त्याच्या समोर उभा राहिला, गरिबाच्या एका मेंढीची गोष्ट सांगितली आणि तो अपराधी तूच आहेस असे त्याच्या तोंडावर म्हणाला. दवेगाच्या बोलण्याने एक गाव मेले. नाथानाच्या बोलण्याने एक पापी माणूस रडला आणि वळला. दोघेही खरे बोलले होते. तेव्हा भेद खऱ्याखोट्याचा नव्हता. कोणाकडे गेले, कोणत्या हेतूने गेले, आणि ज्याविषयी बोलले त्यास उत्तर देण्यास जागा ठेविली की नाही, ह्यात तो भेद होता.

आता त्या दूरच्या राज्याकडे वळू. रशियात झार बादशहांची सत्ता होती तेव्हा त्यांच्या गुप्त पोलिसांस ओखराना म्हणत. क्रांतिकारकांच्या मंडळांत त्यांचे खबरे शिरलेले असत. बोल्शेविक पक्षाचा विधिमंडळातील पुढारी रोमान मालिनोव्स्की, ज्यावर खुद्द लेनिनचा भरवसा होता, तोच झारच्या पोलिसांचा पगारी खबऱ्या निघाला, आणि १९१८ साली त्यास गोळी घालण्यात आली. म्हणजे १९१७ च्या क्रांतीने जे सत्तेवर आले त्यांना हा विंचू डसलेला होता. अशा माणसांनी तरी ही रीत मोडून टाकावी, असे आपल्यास वाटेल. घडले ते उलट.

क्रांतीस पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच २० डिसेंबर १९१७ रोजी क्रांतीच्या शत्रूंचा बंदोबस्त करण्याकरिता एक 'असाधारण मंडळ' नेमण्यात आले. लोक त्यास चेका म्हणू लागले. असाधारण ह्याचा अर्थ असा, की संकट आहे तोवर हे राहील. त्याचा मुख्य फेलिक्स झेर्झिन्स्की हा लाचखाऊ किंवा विलासी मनुष्य नव्हता. त्याने झारच्या तुरुंगांत व हद्दपारीत पुष्कळ वर्षे काढली होती, आणि बाळपणी कॅथलिक धर्मगुरू व्हावे असे त्याच्या मनात होते असे त्याचे चरित्रकार सांगतात. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण दुष्ट माणसांच्या हाती गेले म्हणून हे काम बिघडले, चांगल्यांच्या हाती असते तर बिघडले नसते, असे पुष्कळांस वाटते. आरंभ करणारा साधा राहणारा आणि ध्येयासाठी झिजणारा होता. तरीही एका वर्षाच्या आत त्याची माणसे न्यायालयाविना लोकांस गोळ्या घालू लागली होती.

१९२२ च्या फेब्रुवारीत चेका बरखास्त झाली असे जाहीर झाले, आणि तिच्या जागी गेपेऊ नावाचे खाते आले. १९२३ मध्ये ते ओगेपेऊ झाले. १९३४ मध्ये ते अंतर्गत कारभाराच्या मोठ्या खात्यात, म्हणजे एनकेव्हीडीत मिळाले. नाव दर वेळी बदलले. परंतु मॉस्कोतील लुब्यांका चौकातील इमारत, जी पूर्वी एका विमा कंपनीची होती, ती तीच राहिली, आणि तीमधील कपाटांतील कागद वाढतच गेले. पाटी नवी लागली म्हणजे दुकान नवे झाले असे होत नाही.

कागदांबरोबर शत्रूची व्याख्याही वाढली. आरंभी शत्रू म्हणजे हातात बंदूक घेतलेला मनुष्य. मग शत्रू म्हणजे पूर्वीचा जमीनदार व सरदार. १९३० च्या सुमारास शत्रू म्हणजे शेजाऱ्याहून जरा बरी स्थिती असलेला शेतकरी. आपण खेड्यातील माणसे आहो, म्हणून हे नीट समजून घेऊ. शेते सामाईक करण्याच्या त्या मोहिमेत १९३० व १९३१ ह्या दोनच वर्षांत सुमारे १८ लाख माणसे, बायकामुलांसह, घरातून उठवून सैबेरिया वगैरे दूरच्या मुलखांत नेऊन टाकली. कोणास 'कुलक' म्हणजे गावातील धनदांडगा ठरवावयाचे, ह्यात गावच्याच माणसांच्या सांगण्याचा मोठा भाग होता. ज्याचे बांधावरून भांडण, ज्याचे मोडलेले सोयरे, ज्याचे फेडावयाचे कर्ज, त्यास आता एक सोपी वाट सापडली. सरकारने कान उघडा ठेविला, आणि गावातील जुनी वैरे त्यात आपोआप वाहून आली.

देवाच्या मंडळ्याही सुटल्या नाहीत. १९२९ च्या एप्रिलातील कायद्याने मंडळीस केवळ नोंदलेल्या इमारतीत उपासना करण्याची मोकळीक राहिली. मुलांचे शिक्षण, गरिबांस साहाय्य, स्त्रियांच्या सभा, ही सर्व कामे बंद झाली. पुढल्या नऊदहा वर्षांत ऑर्थोडॉक्स धर्मगुरू, लुथरन पाळक, बाप्तिस्त उपदेशक हजारोंनी पकडले गेले. १९३७ च्या जुलैत निघालेल्या एका गुप्त हुकुमाने तर प्रत्येक प्रांतास आकडा ठरवून दिला, की इतक्यांस गोळी आणि इतक्यांस छावणी. तीन अधिकाऱ्यांचे मंडळ आरोपीचे तोंडही न पाहता यादीवर निकाल देई. त्या खात्याच्याच कागदांप्रमाणे १९३७ आणि १९३८ ह्या दोन वर्षांत ६,८१,६९२ माणसांस मृत्युदंड सांगण्यात आला. मॉस्कोजवळील बुतोवो येथील एका मैदानातच वीस हजारांहून अधिक माणसे पुरलेली आहेत, आणि आज तेथे मंदिर उभे आहे.

ह्या यादीत आपल्या बाजूचाही एक मनुष्य होता. आपले छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचे औरंगाबाद, आणि सगळा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच हैदराबादेत १८८० साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय ह्यांचा जन्म झाला. घराणे बंगाली, वडील अघोरनाथ हे तेथील मोठे शिक्षणतज्ज्ञ, बहीण सरोजिनी नायडू. वीरेंद्रनाथ विलायतेस गेले, लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये नाशिक जिल्ह्यातील भगूरचे विनायक दामोदर सावरकर ह्यांच्या मंडळीत मिसळले, आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याकरिता पॅरिस, बर्लिन, स्टॉकहोम असे देशोदेशी फिरत राहिले. इंग्रज सरकारचे हेर त्यांच्या मागावर असत. १९२१ मध्ये जी हिंदी मंडळी मॉस्कोस गेली तीत ते होते, आणि त्यांच्याबरोबर वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजेही होते. खानखोजे पुढे मेक्सिकोत गेले, तेथील चापिंगोच्या शेतकी शाळेत धान्याच्या वाणांवर नाव घेण्याजोगे काम त्यांनी केले, आणि १९६७ साली नागपुरास त्यांचे देहावसान झाले. वीरेंद्रनाथ मात्र काही वर्षांनी रशियास परतले. लेनिनग्राड येथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ते विद्वान म्हणून काम करीत होते. १९३७ च्या जुलैत त्यांस रात्रीच्या वेळी पकडून नेण्यात आले, आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांस गोळी घालण्यात आली. अवनी मुखर्जी आणि गुलाम अंबिया खान लुहानी ह्या त्यांच्या दोघा हिंदी सोबत्यांचीही गत १९३७ व १९३८ मध्ये हीच झाली. पुष्कळ वर्षे त्यांच्या आप्तांस नक्की काय झाले हेही कळले नाही. ज्या साम्राज्याचे हेर तीसएक वर्षे त्यांच्या पाठीस लागले होते त्याच्या हातून ते वाचले, आणि ज्या राज्यास त्यांनी आपला आसरा मानले त्याच्या हातून गेले.

कोणी म्हणेल, निदान त्या खात्याचे चालक तरी सुखात राहिले असतील. १९३४ मध्ये एनकेव्हीडीचा मुख्य झालेला यागोदा १९३८ मध्ये गोळीने मारला गेला. त्यास पकडणारा येझोव १९४० मध्ये मारला गेला. त्याच्या जागी आलेला बेरिया, स्टालिन वारल्यानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १९५३ मध्ये मारला गेला. कुंपणाने शेत खाल्ले, आणि शेत संपल्यावर कुंपण कुंपणासच खाऊ लागले. हे आम्ही त्यांच्या मरणाचा आनंद मानून सांगत नाही. ज्या मार्गाने दुसऱ्यास उत्तर न देता गाडता येते, त्याच मार्गाने आपल्यासही उत्तर न देता गाडले जाते, एवढाच त्याचा बोध आहे.

१९५४ च्या मार्चात ह्याच खात्यास केजीबी हे नवे नाव मिळाले. सरसकट गोळ्या घालणे आता थांबले होते. त्याजागी नोकरी जाणे, मुलास कॉलेजात जागा न मिळणे, शहाण्या माणसास वेड्यांच्या इस्पितळात ठेवणे, असे शांत उपाय आले. १९९१ च्या डिसेंबरात केजीबी बरखास्त झाली, आणि सोव्हिएत राज्यही मावळले. १९९५ साली रशियात एफएसबी ह्या नावाने त्याचा वारसदार उभा राहिला, तो त्याच लुब्यांका चौकात. झेर्झिन्स्कीचा जो पुतळा लोकांनी १९९१ मध्ये त्या चौकातून काढविला, त्याच्यासारखाच दुसरा २०२३ मध्ये मॉस्कोत परराष्ट्रीय हेरखात्याच्या कचेरीपुढे उभारण्यात आला. असाधारण म्हणून आरंभिलेली गोष्ट शंभर वर्षे लोटली तरी संपली नाही.

ह्याच झाडाची एक फांदी पूर्व जर्मनीत वाढली, आणि ती आपल्यासारख्या प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या अंगणात वाढली, म्हणून तिचाही विचार करू. तेथील गुप्त पोलीस, ज्यास लोक श्टाझी म्हणत, ते फेब्रुवारी १९५० मध्ये स्थापन झाले. १९८९ साली त्या राज्यात सुमारे १ कोटी ६० लाख लोक होते; श्टाझीचे पगारी नोकर सुमारे ९१ हजार, आणि त्यांवेगळे गुपचूप खबर देणारे साधारण १ लाख ८० हजार. हे खबरे कोण? शाळामास्तर, डॉक्टर, शेजारी, सहकामगार, आणि आम्हांस लज्जा वाटते तरी लिहिलेच पाहिजे, काही पाळकही. १९९२ च्या आरंभापासून लोकांस आपापल्या नावाचे कागद वाचण्याची मोकळीक मिळाली. मंडळ्यांच्या शांतिकार्यात पुढे असलेल्या व्हेरा वोलेनबर्गर ह्या बाईस तेव्हा कळले, की आपल्याविषयी टोपण नावाने खबर देणारा मनुष्य आपला नवराच होता. त्या कागदांत दिलेले दिवस व भेटी खऱ्याही असतील. पण एका घरात, एका ताटाशी बसून, इतकी वर्षे जे तोंडावर कधी बोलले गेले नाही, ते कपाटात जाऊन पडले होते.

वाचकहो, हे वाचून आपण म्हणू नये, की ही नास्तिकांची कृत्ये आहेत, आमचा त्यांशी काय संबंध. पाळत ठेवणे हा कम्युनिस्टांनी लाविलेला शोध नव्हे. बैरागी व व्यापारी ह्यांच्या वेषात हेर पाठवावे असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे पारधी, कैकाडी, मांग-गारुडी अशा आपल्याकडील अनेक जातींची माणसे जन्मतःच संशयित ठरली. त्यांस रोज हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरास तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. देशातील अशा काही वसाहती चालविण्याचे काम सॅल्व्हेशन आर्मीसारख्या ख्रिस्ती संस्थांनी पत्करले होते. त्यांचा हेतू शिक्षण व सुधारणा हा होता, हे मान्य. परंतु ज्या हातात शुभवर्तमान होते त्याच हातात हजेरीची वही होती, हेही विसरता येत नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. संशय मात्र पारध्यांच्या पालांवरून अजून पुरता उठलेला नाही, हे आपल्यातील पुष्कळांस ठाऊक आहे.

येथे एक रास्त शंका निघते. राज्यास हेर नकोतच काय? शिवाजी महाराजांचे बहिर्जी नाईक हेरच होते. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर समुद्रातून हल्ला झाला, तशा संकटाची आगाऊ खबर कोणी काढूच नये काय? काढावी. घराच्या वेशीवर राखण ठेवणे आणि घराच्या चुलीशी कान लावून बसणे, ह्यांत भेद आहे. बहिर्जींनी शत्रूचा तळ पाहिला. हेराच्या कामास कायद्याची मर्यादा असावी, आणि ज्यावर आरोप येईल त्यास उघड न्यायासनापुढे उभे राहून उत्तर देता यावे. पौलाच्या प्रकरणात फेस्ताने, तो मूर्तिपूजक असूनही, हाच रोमी लोकांचा नियम सांगितला होता, की आरोप करणाऱ्यांसमोर आरोपीस उत्तर देण्याची संधी मिळाल्यावाचून त्यास कोणाच्या हवाली करू नये. वर सांगितलेल्या रशियातील तिघांच्या मंडळाने नेमके हेच काढून टाकले होते.

दुसरी शंका ह्याहून जड आहे. एखाद्या मुलीवर, विधवेवर किंवा लेकरावर मंडळीतील बलिष्ठ माणसाने अन्याय केला, तर तिनेही आधी त्याच्या तोंडावर जाऊन बोलावे काय? नाही. नाथान हा संदेष्टा होता, आणि त्याच्या पाठीशी देवाचे वचन होते. बथशेबेने एकटीने राजापुढे जावे असे कोणी सांगितले नाही. तिच्या वतीने नाथान गेला. दुबळ्याचे नाव झाकून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी सहीनिशी उभे राहणे, पोलिसांत उघड फिर्याद देणे, हे चहाडी नव्हे. ते नाथानाचेच काम आहे. जो दुबळ्यास "गप्प बस, मंडळीची बदनामी होईल" असे सांगतो, तो हा लेख आपल्या बाजूचा समजू नये.

आणि उघड बोलणे भित्र्या जगात अशक्य आहे, असेही कोणी म्हणू नये. त्याच रशियात, केजीबी भरात असता, १९६४ मध्ये कैदेत पडलेल्या बाप्तिस्त बांधवांच्या बायका व आया एकत्र आल्या. त्यांनी कैद्यांच्या नातलगांचे एक मंडळ केले. कोणास कोठे ठेवले आहे, त्याची मुले किती, ह्याच्या याद्या त्यांनी केल्या, आणि त्या सरकारकडे पाठविताना खाली आपली नावे लिहिली. सही केल्याबद्दल त्यांपैकी कित्येक जणी स्वतः तुरुंगात गेल्या. राज्यापाशी कोट्यवधी कागद होते, आणि ते लपवावे लागत होते. ह्या बायकांपाशी थोडे कागद होते, आणि ते जगाने वाचावे अशी त्यांची इच्छा होती.

आता आपल्या घरी परत येऊ. आमच्या पुंडलिकनगरासारख्या वस्तीत, जेथे गावोगावहून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात, तेथे शेजाऱ्याचे भांडण कानी पडते, पाहुणा आला गेला ते दिसते. खेड्यात तर झाकलेले काहीच नसते. कळणे हे पाप नव्हे. कळलेल्याचे काय करावे, हाच प्रश्न आहे. हल्ली निनावी कागदाची जागा मोबाइलने घेतली आहे. मित्राचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करावे आणि ते तिसऱ्याकडे धाडावे, हे हातभर लांबीचे काम झाले आहे. जे काम करण्यास श्टाझीला हजारो नोकर लागत, ते आता आपण फुकट, आणि कोणी न सांगता, करू लागलो आहो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवितो. प्रभूने आपल्यास क्रम घालून दिला आहे : भावाचा अपराध कळला तर आधी एकांतात त्यालाच सांगावे, न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावे, मग मंडळीस कळवावे. ह्या क्रमात पहिली पायरी गाळणे हेच चहाडीचे मूळ आहे. दुसरे, पंचांनी व वडिलांनी असा नियम करावा, की सही नसलेल्या कागदावरून कोणाची चौकशी होणार नाही, आणि सही असलेला कागद ज्याविषयी आहे त्यास वाचून दाखविल्यावाचून निर्णय होणार नाही. तिसरे आपल्यांतील उपदेशकांसाठी आहे. आपण दर महिन्यास वरिष्ठांस अहवाल लिहितो, त्यात घरोघरची हकीकत असते. लेखणी ठेवण्यापूर्वी स्वतःस विचारावे, की हे वाक्य मी त्या माणसासमोर, त्याच्या ओट्यावर बसून, मोठ्याने वाचू शकेन काय? न वाचवेल ते खोडावे, नाही तर आधी जाऊन त्याच्याशी बोलावे.

शेवटी, ज्यांच्यावर अशी पाळत झाली त्यांनी काय करावे? पूर्व जर्मनीतील लोबेटाल गावच्या उवे होल्मर ह्या पाळकाची गोष्ट आम्हांस वारंवार आठवते. त्यांस दहा मुले होती. पाळकाची मुले म्हणून त्यांतील बहुतेकांस उच्च शिक्षणाची दारे बंद झाली. त्या वेळी शिक्षणमंत्री होती मार्गोट होनेकर, राज्याचा पुढारी एरिख होनेकर ह्याची बायको. १९८९ मध्ये ते राज्य कोसळले, आणि त्या नवराबायकोस राहण्यास घर उरले नाही. १९९० च्या जानेवारीअखेर होल्मर ह्यांनी त्यांस आपल्या घरात घेतले आणि सुमारे दोन महिने ठेविले. गावास धमकीची पत्रे आली, लोक घराबाहेर जमून ओरडले. होल्मर ह्यांनी त्यांचे अपराध पांघरुणाखाली झाकले नाहीत, आणि न्यायालयाचे काम आपल्याकडे घेतले नाही. त्यांनी फक्त आपले मेज त्यांच्यासाठी मांडले. तेवढ्याने एका देशाची जखम भरली असे नव्हे. पण एका घरात तरी हिशेबाची वही मिटली गेली.

हा लेख वाचणाऱ्यांत, संभव आहे, की ज्याने कधी तरी असा कागद लिहिला असाही कोणी असेल. त्यास आमचे सांगणे रागाचे नाही. तो मनुष्य अजून आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात आहे. रविवारी त्याच चटईवर बसतो. तो तुझ्याकडे पाहतो तेव्हा त्यास नक्की ठाऊक नसते, आणि तुला असते. उपासना सुटल्यावर त्यास जरा थांबवून घे. "ते पत्र मी लिहिले होते," एवढे म्हण. पुढचे बोलणे तुम्हां दोघांचे, आणि जो प्रभु सर्व गुप्त गोष्टी जाणतो त्याचे.